पत्रे

शिळफाट्याच्या दुकानदाराने तीन नमुने दिले,
वीतभर लांबीचे, कोपऱ्यात भोक पाडून
किल्ल्यांसारखे एका तारेत ओवलेले.
एक निळा, पोलादी. एक दुधी फायबरचा.
एक जाड, दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला.
"उन्हात ठेवा, हात लावून बघा, मग ठरवा."

म्हणून ते तिघे गॅरेजच्या दारात
बॅटरीच्या रिकाम्या खोक्यावर मांडलेत.
विटावा, फेब्रुवारी, दुपारचे दोन.
निळा तव्यासारखा तापला.
फायबर कोमट, पण पलीकडून माझाच हात दिसतो,
ग्रीस लागलेला, पाण्याखाली असल्यासारखा.
जाड तुकडा गार.
त्याची किंमत ऐकून तो मी दुकानातच बाद केला होता,
तरी दर पाच मिनिटांनी हात त्याच्याकडेच जातोय.

वर अजून जुनेच आहेत. सिमेंटचे. बावीस.
चौऱ्याऐंशी साली बाबांनी ते
कळव्याच्या एका बंद कारखान्यातून हातगाडीवर आणले,
माप बसेना म्हणून करवतीने कापले,
तोंडाला पंचा न बांधता.
"गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखा दिसत होता,"
आई सांगायची, आणि आम्ही हसायचो.

आता रामलखन फॅब्रिकेटर म्हणतो,
हे फोडायचे नाहीत, पाणी मारून अख्खे उतरवायचे,
यांची धूळ वाईट.
किती वाईट, मी विचारलं.
तो टेप ओढून तुळईची लांबी मोजत राहिला.
बाबा म्हातारपणाने गेले, असं सगळे म्हणतात.
मीही म्हणते.

त्यांनी जन्मात कुणाला पत्र लिहिलं नाही.
मागे ठेवले ते हे बावीस पत्रे,
त्यांतही जागोजागी डांबराची खाडाखोड.

सल्ले फुकट आहेत.
भाऊ म्हणतो, मंगलोरी कौलं घाल.
तो अंबरनाथला राहतो, चढायला येणार नाही.
समोरचा टायरवाला भगवान म्हणतो, वनिताताय, स्लॅबच टाक.
स्लॅब टाकली की महापालिकेची नोटीस.
पत्रा आहे तोवर आपण तात्पुरते;
चाळीस वर्षं झाली तात्पुरतं राहून.
भंगारवाला तर निळा, पिवळा, गंजका, काहीही उचलतो,
फक्त हे उचलत नाही.
"ये नहीं लेता कोई," म्हणाला, आणि माझ्याकडे
पाहिलंसुद्धा नाही.
नवं काय घालायचं याला दहा जण आहेत,
जुनं कुठे ठेवायचं याला मी एकटी.

आणि सातव्या पत्र्याचं कुणाला सांगितलेलं नाही.
बोल्टाच्या शेजारी त्याला भोक आहे.
त्यातून उन्हाचं चार आण्यांएवढं नाणं पडतं,
सकाळी पान्यांच्या फळीवर,
मग रिक्षांच्या मडगार्डवरून सरकत सरकत
व्हाइसच्या जबड्यात आलं की बाबा डबा उघडायचे.
ऋतूप्रमाणे वीतभर मागेपुढे व्हायचं.
तेवढं पोटालाही चालतं.
भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, कुणी विचारलं नाही.
मीही भोक बुजवलं नाही,
पावसाळ्यात खाली ऑइलचा डबा ठेवते.
रामलखन ऐकून हसला असता.
किंवा हसला नसता, ते जास्त अवघड.

पाच वाजता दुकानदाराला फोन लावला.
निळा नको, पांढरा द्या, अर्धा एमएम.
नवे लांब येतात, अकरात भागेल:
नऊ पांढरे, दोन दुधी.
"दुधी कुठे टाकायचे?"
व्हाइसच्या वर, म्हटलं.
"हमी दहा वर्षं. मध्येच भोक पाडलं तर हमी संपली."
हो, म्हटलं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं,
दुधी पत्र्यातून ऊन सगळीकडे सारखं सांडतं.
फळीवर, मडगार्डवर, व्हाइसवर, माझ्यावर,
एकाच वेळी.

घड्याळाला सेल आणायला हवा.
मोठा की बारीक,
ते खाली काढून बघावं लागेल.